दुसरा तुकडा

खोली बघायला म्हणून मी आळेफाट्याला त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा त्यांनी मला खोली दाखवलीच नाही. आधी टीव्हीसमोर बसवलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि खोलीचा व्हिडिओ लावला. व्हिडिओत रिकामी खोली. खिडकी, भिंत, कोपऱ्यात केरसुणी. काही हलत नव्हतं. थोड्या वेळानं खिडकीतून उन्हाची एक तिरीप आत आली आणि फरशीवरून सरकायला लागली. बाहेरून नाशिककडं जाणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐकू आला.

"काका, खोली वरच आहे ना? मी वर जाऊन बघते की," मी म्हटलं.

"बसा म्याडम. खोली बघाया आलेलं मानूस उभ्या उभ्या बघतं अन् मग वरीसभर भांडतं. दुपारी ऊन किती येतं, ट्रकवाले हॉर्न कवा मारत्यात, समदं यात हाय. सकाळपासून दिवेलागणीपतूर. मधी कुठं कापलेलं न्हाई."

आतून शिलाई मशीनचा आवाज थांबला आणि काकू म्हणाल्या, "अवं, तिला कामाला जायचंय. दिवेलागणीपतूर बसवता का तिला?"

मी घोडेगावची. फाट्यावरच्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नवीनच नोकरी लागली होती. तो व्हिडिओ मी पुरा पाहिला नाही, पण खोली घेतली. पुढं वर्षभर मी तिथं राहिले आणि दुपारच्या उन्हाबद्दल भांडायला मला खरोखरच काही जागा मिळाली नाही.

काका साठी ओलांडलेले, किडकिडीत. डोक्याला मागं झालर असलेली टोपी, तिच्यामुळं मानेला ऊन लागायचं नाही. लग्न, बारसं, जावळ, पारायण, शाळेचं गॅदरिंग, कुणी बोलावेल तिथं ते आपला जुना हँडीकॅम घेऊन जायचे. त्या कॅमेऱ्याला काकूंनी जुन्या ब्लाउजच्या बाहीचा अंगरखा शिवला होता. थंडीच्या दिवसांत काका बॅटऱ्या बनियनच्या आत ठेवायचे. गारठ्यात त्यांचा जीव लवकर जातो म्हणायचे. लग्नाला निघाले की मोपेडवर मागं कॅमेऱ्याची तिवई आडवी बांधलेली असायची, त्यामुळं त्यांना ओव्हरटेक करायला कुणी धजत नसे.

त्यांचा एकच हट्ट होता. एकदा बटण दाबलं की कार्यक्रम संपेपर्यंत ते बंद करायचं नाही. मुंडावळ्या बांधण्यापासून जे सुरू व्हायचं ते शेवटची पंगत उठून वाढपी जेवायला बसेपर्यंत चालायचं. नवऱ्याचा मामा रुसून विहिरीपाशी जाऊन बसला तर तोही त्यात. गाणी नाहीत, बदामाच्या आकारात फिरणारी नवरा-नवरी नाहीत. लोक वैतागायचे. "काका, एवढं कोण बघणार?" असं विचारायचे.

"ज्याला बघायचंय त्यो बघंल. कुठलं कामाचं अन् कुठलं बिनकामाचं हे म्या कोण ठरवणार?"

राजुरीचं एक मेंढपाळ कुटुंब आहे. आता त्यांची शेती आहे, पण थोडी मेंढरं अजून राखलेली. त्यांच्याकडं काकांनी एकदा लोकर कातरायचा दिवस टिपला होता. पहिल्या मेंढीपासून शेवटच्या मेंढीपर्यंत. गावात त्याची खूप थट्टा झाली. पण त्या घरचा मोठा मुलगा फौजेत आहे. तो सुट्टीवर आला की काकांना भेटायला यायचा. मी त्याला एकदा विचारलं, की त्या व्हिडिओत एवढं काय आहे? तो जरा लाजला. मग म्हणाला, "काय न्हाई त्यात. काईच होत न्हाई. आई चहा आणती, आज्जा वरडतो, मेंढरं वरडत्यात. तिकडं ड्युटीवर लावून ठेवतो. घरी बसल्यासारखं वाटतं."

काका न थांबता टिपत असले तरी त्यांचा कॅमेरा मात्र थांबल्यासारखं करायचा. म्हणजे चित्रण चालूच असायचं, पण ठरावीक आकार भरला की कॅमेरा ती फाइल बंद करून आपणच नवी उघडायचा. कार्यक्रम सलग, पण कार्डावर त्याचे सात-आठ तुकडे. यावर काकांचा मनापासून राग होता. "म्या थांबलो न्हाई, मग ह्यो का थांबला?" असं कॅमेऱ्याकडं बघून विचारायचे.

बाकीचे स्टुडिओवाले ते तुकडे एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून एकत्र करायचे. त्यात सॉफ्टवेअर सगळा व्हिडिओ पुन्हा नव्यानं बनवून काढतं. त्याला वेळ लागतो, चित्र थोडं मळकट होतं, आणि जिथं दोन तुकडे भेटतात तिथं आवाजाला एक उचकी लागते. कधी एखादं अक्षरच जातं. मला हे पहिल्यांदा सांगताना काकांनी काकूंकडून सकाळचा चहा पुन्हा उकळून आणवला होता.

"प्या. कळतंय का न्हाई?"

"कळतंय."

"मंग? चित्राचंबी तसंच व्हतं."

त्यांची पद्धत वेगळी होती. कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडायची, तुकड्यांची नावं ओळीनं टाइप करायची, मध्ये अधिकची चिन्हं, आणि एंटर. कॉम्प्युटर तुकडे एकामागं एक जसेच्या तसे चिकटवून देतो, आतल्या चित्राला हात लावत नाही. चहाचा कप संपायच्या आत काम व्हायचं. आता यात ते कधी चुकले नाहीत असं नाही. एका लग्नाचे तुकडे जोडताना नंबर उलटसुलट झाले आणि पाठवणीला ढसाढसा रडलेली नवरी पुढच्याच क्षणी हळद लावून हसत बसली. सासरच्यांनी ते पाहून पोट धरलं. तेव्हापासून काका आधीच्या तुकड्याचं शेवटचं चित्र आणि पुढच्याचं पहिलं चित्र शेजारी शेजारी लावून बघायचे. वर गेलेला हात पुढच्या तुकड्यात तिथंच वर असला पाहिजे.

या वेडाचं मूळ मला काकूंनी सांगितलं. तरुणपणी काका जत्रांमधून तंबूतला सिनेमा दाखवणाऱ्या एका कंपनीत मशीन चालवायचे. रीळ तुटलं की तुटलेल्या जागेच्या दोन चौकटी कापायच्या, टोकं खरवडून चिकटवायची आणि पुढं चालू करायचं. प्रत्येक तुटण्यात थोडं थोडं जायचं. मग काकांनीच पुढचं सांगितलं. "एका पिच्चरमधी बहीन भावाला हाक मारायची. तिथंच रीळ तुटायचं. हंगाम सरंस्तवर ती हाकच गेली बघा. भाऊ आपला उगंच मागं वळून बघायचा, अन् पब्लिक हसायचं. म्या जोडलं व्हतं ते. माज्या हातानं गेली तिची हाक."

हे सांगताना ते हसले नव्हते.

फाट्याच्या चौकात पलीकडच्या बाजूला विकीचा स्टुडिओ होता. पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप, ड्रोन असलेला. त्याच्याशी काका बोलत नसत. दुकानासमोरून जावं लागलं तर मोपेडवरच टोपीची झालर पुढं ओढून घ्यायचे. कारण मला बरेच दिवस माहीत नव्हतं.

ते कळलं शेवंताबाईंमुळं.

शेवंताबाई निमगाव सावाच्या. घशाच्या आजारात त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं होतं. गळ्याच्या खालच्या बाजूला श्वासासाठी छिद्र, त्यावर पांढरा मऊ रुमाल. ऑपरेशननंतरच्या तपासण्यांसाठी त्या सुनेला घेऊन आमच्या लॅबमध्ये यायच्या. बोलायचं ते लहान मुलांच्या पाटीवर लिहायच्या. अक्षर ठळक, शब्द मोजके. एकदा रक्त काढून झाल्यावर मी सहज म्हणाले, "आता तब्येत सुधारतेय, वजनही वाढलंय." त्यांनी पाटीवर लिहिलं, "गाणं गेलं."

सून सुनीता सांगायला लागली. शेवंताबाईंच्या आईनं एक गाणं रचलं होतं. वस्तीतल्या लोकांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा ती तरुण होती. त्या दिवशी कोण कोण चालत गेलं, कुणाच्या पायात चपला नव्हत्या, कुणी कुणाचं पोर कडेवर घेतलं, परत येताना सगळ्यांनी एका वेळी एका विहिरीचं पाणी कसं प्यायलं, असं ते लांबलचक गाणं. आईनंतर ते फक्त शेवंताबाईंना पुरं येत होतं. विहारात जयंतीला त्या एक-दोन कडवी म्हणायच्या, बाकीच्या बाया टाळ्या धरायच्या. पुरं गाणं त्यांनी एकदाच म्हटलं होतं, काही वर्षांमागं.

"मग आता लिहून काढायचं ना सगळं," मी म्हटलं.

शेवंताबाईंनी पाटी पुसली आणि लिहिलं, "शब्द लिहीन. चाल कशी लिहू?"

"व्हिडिओ हाय म्हणा त्याचा," सुनीता म्हणाली, "पण सगळ्यात शेवटच्या कडव्याची चाल येगळीच हाय, लई अवघड. अन् नेमकं तिथंच सीडीत खटकन तुटतंय. वर बासरी वाजती. आत्याबाईंचा आवाजच ऐकू येत न्हाई. चुलतदीर हौसेनं घेऊन गेले व्हते, चांगला बनवून आणतो म्हणून. त्या फाट्यावरच्या ड्रोनवाल्याकडून बनवला."

"आणि चित्रण कुणी केलं होतं?"

"एक म्हातारं व्हतं. डोक्यावर झालरीची टोपी. पाक सतरंज्या गोळा करंस्तवर काढीत बसलं व्हतं."

संध्याकाळी घरी जाऊन मी काकांना हे सांगितलं. ते कॅमेरा पुसत होते. हात थांबले.

"निमगावच्या विहारातलं? उभं राहून म्हणल्या व्हत्या त्या. डोळं मिटून. म्या पेनड्राइव्हवर जोडून, सलग करून दिलं व्हतं. सोबत सुटं तुकडंबी दिलं व्हतं, असूद्या म्हणून. त्यांनी ते तुकडं त्या इक्याला दिलं. त्यानं कापलं, शिजवलं, वर बासरी घातली. खाली माजं नाव टाकलं! माजं! बासरीवर!"

म्हणजे भांडण बासरीचं होतं.

"ते राहू द्या. तुमच्याकडं मूळ आहे ना?"

काका उठले. आतल्या कपाटातून एक हार्डडिस्क काढली. तिच्यावर काकूंनी हातानं शिवलेली कापडी खोळ. एकेक तुकडा उघडून बघायला लागले. पहिला चालला. तिसरा चालला, त्यात शेवंताबाई डोळे मिटून उभ्या, उजवा हात वर. चौथा, पाचवा ठीक. दुसरा उघडेना. त्याची कॉपीही होईना, अर्ध्यात अडकायची. ती डिस्क मागं कधीतरी मोपेडवरून पडली होती.

गाणं दुसऱ्या तुकड्यात सुरू होत होतं. शेवटचं कडवं दुसऱ्याच्या शेवटी चालू होऊन तिसऱ्यात संपत होतं. आणि घरच्यांच्या पेनड्राइव्हवर केव्हाच ट्रॅक्टरवर वाजवायची गाणी भरली गेली होती.

काका दोन दिवस ती डिस्क पुन्हा पुन्हा लावून बघत होते. काकूंनी ताट वाढलं तरी भाकरीकडं बघत बसायचे. तिसऱ्या दिवशी रविवार होता, मला सुट्टी. मी म्हणाले, "विकीकडं तुमच्या तुकड्यांची कॉपी असेल. त्यानं त्यावरूनच सीडी बनवली ना? मी जाऊन विचारते."

"तुमी नगं," काका म्हणाले. मग उठून खुंटीवरची टोपी घेतली. "चूक त्याची हाय, पर डिस्क माजी पडली. म्याच जातो. तुमी फकस्त संगं चला."

त्यांनी धुतलेला सदरा घातला. आम्ही चौक ओलांडून गेलो. विकी काउंटरवर पासपोर्टचे फोटो कापत होता. काकांना दारात बघून कात्री तशीच हातात राहिली.

"काका? या की."

काका आत गेले, पण बसले नाहीत. "निमगावच्या विहाराचा परोग्राम. दुसरा तुकडा. तुज्याकडं हाय का?"

"लई जुनं झालं राव ते. त्यातले तुकडे बहुतेक उडवलेत मी, जागा करायला." मग काय वाटलं कोण जाणे, त्यानं विचारलं, "कशाला पाहिजे?"

काकांनी माझ्याकडं बघितलं. म्हणून मी शेवंताबाईंच्या ऑपरेशनचं सांगितलं. विकीनं कात्री खाली ठेवली. त्याचा चेहरा उतरला होता.

"मला म्हायती न्हवतं. घरचे म्हणले, गाणं टाका, जरा भारी करा. म्हणून बासरी टाकली."

"बासरी वाईट न्हवती," काका म्हणाले. ते एवढं बोलले याचं मला इतकं आश्चर्य वाटलं, की मी त्यांच्याकडं वळून पाहिलं. ते भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते.

विकीचा जुना कॉम्प्युटर माळ्यावर पडला होता, लग्नाच्या स्टेजचे पडदे आणि थर्माकोलच्या मोरांच्या मागं. आम्ही तिघांनी मिळून तो खाली काढला. सुरू होताना तो ट्रॅक्टरसारखा घरघरला. विकी एकेक फोल्डर उघडत गेला. कुणाचं तरी बारसं, कुणाचा तरी साखरपुडा, हरिनाम सप्ताह. काका मागं उभे राहून आपल्या टोपीची झालर पिळत होते. शेवटी 'नवीन फोल्डर' नावाच्या फोल्डरमध्ये अजून एक 'नवीन फोल्डर', आणि त्यात तो तुकडा. पाहुण्यांचं स्वागत त्यात होतं म्हणून विकीनं तेवढा बाजूला काढून ठेवला होता आणि विसरला होता.

"हात लावलेला न्हाई ना याला?" काकांनी विचारलं.

"न्हाई काका. तुमचाच हाय, जसाच्या तसा."

काकांनी खिशातून आपली डिस्क काढली आणि दोन्हीकडं फाइलचा आकार ताडून पाहिला. एकच होता. मग दुसऱ्याचं शेवटचं चित्र आणि तिसऱ्याचं पहिलं चित्र शेजारी लावलं. शेवंताबाईंचा उजवा हात वर, बोटं किंचित वळलेली. दोन्हीकडं तीच बोटं. काकांनी काळी खिडकी उघडली, नावं टाइप केली, अधिकची चिन्हं टाकली, एंटर मारलं.

काम निम्म्यात थांबलं. डिस्कवर जागा नाही, असा निरोप आला.

"जागा लई हाय की!" काका ओरडले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. त्यांच्या कपाळावर घाम आला. "आता ह्ये का?"

विकी वाकून बघत होता. म्हणाला, "काका, ही डिस्क जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली हाय. तुमच्या घरच्या कॉम्प्युटरला, नव्या पेनड्राइव्हला चालतं, पण हिला एवढी मोठी एक फाइल पेलतच न्हाई. तुमचा कॅमेरा तुकडे करतो ना, त्येबी याच कारणानं. त्याच्या कार्डाचं फॉरमॅट असंच हाय."

काका त्याच्याकडं बघत राहिले. इतकी वर्षं ज्या कॅमेऱ्याला ते बोल लावत होते, त्याचं कारण समोर आलं होतं. आणि सांगत होता विकी.

"मला कसं कुणी सांगितलं न्हाई ह्ये?"

"तुमी बोलत कुठं व्हता माज्याशी?"

काका एकदम हसले. मी त्यांना इतकं मोठ्यानं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. विकीनं स्वतःची नवी डिस्क लावली. या वेळी काम पार पडलं. त्यानं आवाज वाढवला, आणि फोटोच्या दुकानात शेवंताबाईंचा आवाज भरला. जाड, थोडा खरखरीत, मातीच्या घागरीतून आल्यासारखा. शेवटचं कडवं सुरू झालं, चाल वळली, वर चढली. जिथं सीडी तुटायची ती जागा आली आणि गेली. आम्हाला कळलंही नाही. काकांनी पुन्हा मागं घेऊन ऐकलं. उचकी नव्हती. पुढं गिऱ्हाईक येऊन उभं होतं, तेही पासपोर्टचे फोटो विसरून ऐकत राहिलं.

त्याच दुपारी आम्ही विकीच्या गाडीतून निमगावला गेलो. सुनीतानं शेजारच्या बायांना बोलावून घेतलं होतं. घरात माणूस मावेना. टीव्हीवर गाणं सुरू झालं तशा शेवंताबाई मांडीवर हातानं ठेका धरायला लागल्या. ओठ हलत होते. त्यांनी ते पुरं ऐकलं. रडल्या नाहीत. रडली ती सुनीता. गाणं संपल्यावर शेवंताबाईंनी बोट फिरवून खूण केली. परत लावा.

दुसऱ्या वेळी त्यांनी सुनेच्या पाठीत एक चापट मारली आणि टीव्हीकडं बोट दाखवलं. म्हण.

"आत्याबाई, मला कुठं येतंय गायला!"

पुन्हा चापट. सुनीता घाबरत घाबरत व्हिडिओबरोबर म्हणायला लागली. शेवटच्या कडव्याला ती खालीच राहिली. शेवंताबाईंनी हात वर नेला, अजून वर, आणि मग बोटं किंचित वळवून हळू खाली आणला. सुनीताचा आवाज त्या हातामागं गेला. बाकीच्या बायाही एकेक करून आत शिरल्या. ऊन उतरेपर्यंत हेच चाललं होतं. चुकलं की शेवंताबाई मान हलवायच्या आणि काका मागं घेऊन तेवढीच ओळ लावायचे. विकी ओट्यावर बसून कुणाच्या तरी नातवाला ड्रोन दाखवत होता, पण त्याचं लक्ष आतच होतं.

पुढच्या जयंतीला मी घोडेगावहून मुद्दाम गेले. तोवर लॅबच्या मंचरच्या शाखेत माझी बदली झाली होती आणि मी घरूनच ये-जा करत होते. विहारासमोर मांडव होता. एका बाजूला काका तिवई लावून, दुसऱ्या बाजूला विकी. दोघांचं कुठं उभं राहायचं यावरून सकाळपासून वाजलं होतं, असं काकूंनी सांगितलं. निळ्या काठाच्या पांढऱ्या साड्या नेसून बाया उभ्या राहिल्या. त्यांच्यापुढं लोकांकडं पाठ करून शेवंताबाई. त्यांनी हात वर केला आणि गाणं सुरू झालं.

शेवटचं कडवं झालं. लोकांनी टाळ्यांसाठी हात उचलले, पण शेवंताबाईंनी हात खाली आणलाच नाही. बाया जागेवरच उभ्या राहिल्या. सुनीता एकटी पुढं झाली आणि तिनं आणखी एक कडवं म्हटलं. ते आम्ही कुणी ऐकलं नव्हतं. गळ्याला पांढरा रुमाल बांधलेली एक बाई हातानं गाते आणि तिच्या सुनेच्या तोंडून आवाज निघतो, असं काहीसं त्यात होतं. शब्द साधे होते. चाल आधीच्या सगळ्यांहून निराळी.

मांडवात लोक एकमेकांकडं बघायला लागले. मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "ह्ये कडवं कुठलं? शेवंताच्या आईच्या गाण्यात ह्ये न्हवतं."

सुनीतानं माइक तोंडाशी धरला आणि सासूकडं बोट दाखवलं. "यांनी रचलंय. औंदा."

मग ज्या टाळ्या पडल्या, त्या बराच वेळ थांबल्या नाहीत. लोक पांगायला लागले, सतरंज्या गोळा व्हायला लागल्या, तरी काका कॅमेऱ्यामागंच होते. शेवंताबाई त्यांच्याजवळ आल्या, हात जोडले. काकांनीही जोडले.

"ताई, पुढल्या साली आनखी एक कडवं येऊ द्या," ते म्हणाले.

शेवंताबाईंनी नाही म्हणून मान हलवली. पाटी शोधली नाही. दोन बोटं वर केली.

काकांनी मांडवाच्या पलीकडं वळून हाक मारली, "इक्या! पुढल्या टायमाला मोठं कार्ड आन रं. गाणं वाढतंय!"